उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही

४ नोव्हेंबर

आत्या म्हणते, माणूस लिहीत असतो तेवढा वेळ तरी एका जागी बसलेला असतो, म्हणून लिही. तिने कापडाच्या गठ्ठ्यांखालून ही वही काढून दिली. पहिल्या चार पानांवर कुणाच्या तरी छात्या-कमरांची मापं आहेत, ती सोडून सुरुवात करतोय.

तर मला नोकरी लागली. मी मागितली नव्हती. आत्या सरकारी शाळेचे गणवेश शिवते, आणि आज त्या शाळेच्या मोठ्या बाई खिशावरच्या बिल्ल्यांचा रंग बघायला दुकानात आल्या होत्या. मी पायरीवर बसून आत्याच्या कात्रीला धार लावत होतो. बाईंनी विचारलं, "हा कोण?"

"भाचा. भावाचा मुलगा. पायाला भिंगरी आहे मेल्याच्या. ट्रकवर होता, मग फोटोवाल्याकडे, मग सर्कशीच्या तिकीटखिडकीवर. आता माझ्या डोक्यावर आहे."

"वाचता येतं?" बाईंनी मला विचारलं.

"येतं," मी म्हटलं, "पण फार वेळ नाही."

बाई हसल्या. त्यांचा आवाज बसलेला होता, त्यामुळे हसणं नुसतंच दिसलं, ऐकू आलं नाही. सरकारने शाळा सुधारायची नवी योजना काढलीय म्हणे, तिच्यात प्रत्येक शाळेला एक मदतनीस मिळतो, मार्चपर्यंत. शिकलेली माणसं मार्चपर्यंतच्या नोकरीला येत नाहीत. मला मार्चसुद्धा लांबच वाटतो.

फोटोवाल्याची गोष्ट लिहायची राहिली. त्याचा एक डोळा काचेचा होता आणि तो फोटो काढताना चांगला डोळा मिटायचा. पण ते परत कधीतरी.

७ नोव्हेंबर

शाळा म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा आणि एक नळ. नळाला तोटीऐवजी लाकडी खुंटी ठोकलीय. मधल्या खोलीत योजनेचं मोठं चित्र लावलंय. शिडीवरून मुलं वर चढताहेत, खालची लाल, मधली पिवळी, वरची हिरवी. सगळ्यात वरच्या मुलाचं डोकं जिथे यायला हवं तिथे विजेची बटणं आहेत, म्हणून कागदाला चौकोनी भोक पाडलंय. दिवा लावायचा तर त्या मुलाच्या डोक्यात बोट घालावं लागतं.

खरी मुलंसुद्धा तशीच वाटलीत. जी भराभर वाचतात ती हिरवी. जी अडखळतात ती पिवळी. ज्यांना अक्षरं ओळखीची वाटतात पण नावं आठवत नाहीत, ती लाल. मुलांना हे पाठ आहे. मी एका मुलीला विचारलं, तू कितवीत? ती म्हणाली, "लाल."

शिकवायला मोठ्या बाई आणि एक सर. सर कायम प्रशिक्षणाला गेलेले असतात. शिपाईमामा म्हणतात, "सर इतके प्रशिक्षित झालेत की आता परत आले तर आपल्याला कळणारच नाहीत." मामा घंटा वाजवतात, नळाची खुंटी ठोकतात आणि सरांचा वर्ग सांभाळतात.

बाईंनी मला काम सांगितलं. "हिरव्यांची काळजी नाही. पिवळ्यांना मी हिरवं करते, त्याला सगळा दिवस जातो. लाल मुलांना तू बाहेर ने. फिरव. परिसर अभ्यास म्हण."

"शिकवू काय त्यांना?"

बाईंनी खडू उचलला. "हरवू देऊ नकोस," म्हणाल्या.

म्हणजे जन्मात पहिल्यांदा मला फिरायचा पगार मिळणार! आत्याला सांगितलं तर ती दोरा तोडता तोडता म्हणाली, "सरकारला कळलं वाटतं तुझ्यातलं कौशल्य."

९ नोव्हेंबर

पहिली फेरी. लाल गटात एक जोडी आहे, ती भावंडं नाहीत पण एकमेकांची बाही सोडत नाहीत. एक पाहुणा आहे, म्हणजे मनात येईल तेव्हा शाळेत येतो. बाकीची चारदोन बारीक आहेत. आणि एक वकीलबाई.

वकीलबाई दहा वर्षांची असेल. हे नाव तिला मामांनी दिलंय, कारण ती उलटतपासणी घेते. मी रांग करा म्हटलं तर म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, हरवू नये म्हणून. "रांगेत शेवटचा हरवला तर पुढच्यांना कसं कळणार?" म्हणून आम्ही घोळक्याने निघालो.

आता या मुलांना घेऊन करायचं काय, ते मला माहीत नव्हतं. बाजाररस्त्याला लागलो. मला स्वतःला रस्त्यावरच्या पाट्या वाचायची सवय आहे. ट्रकवर होतो तेव्हा दुसरं वाचायला काही नसायचं. कुलूपवाल्याच्या टपरीसमोर थांबून मी बोट ठेवून वाचली: "हरवलेल्या किल्ल्या बनवून मिळतील."

वकीलबाई म्हणाली, "हरवलेली किल्ली कशी बनवणार? ती तर हरवलीय."

"मला काय माहीत? त्यालाच विचार."

तिने विचारलं. कुलूपवाला कानस घासत होता, त्याने लक्षच दिलं नाही. ती तिथेच उभी राहिली. सगळी मुलं उभी राहिली. मीसुद्धा उभा राहिलो, मलाही जाणून घ्यायचंच होतं. त्याने दोनदा वर बघितलं, एकदा "काय पाहिजे?" म्हणाला, आणि शेवटी कानस खाली ठेवून कुलूप उघडून आतल्या खाचा दाखवल्या. कुलपाच्या पोटात किल्लीची आठवण असते, त्यावरून नवी बनवायची. मुलांनी एकेकाने भोकाला डोळा लावला.

मग मी त्या पाटीवरची "कि" दाखवली. किल्लीतली कि. ती कुणीही विसरलं नाही, परतताना प्रत्येक भिंतीवर "कि" सापडत होती.

तेव्हा मी नियम केला. पाटी दिसली की थांबायचं. वाचायची. मग तिच्याबद्दल एक प्रश्न विचारायचा. आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१८ नोव्हेंबर

मधले दिवस लिहिलं नाही, कारण काही झालं नाही, म्हणजे मजेत गेले. आम्ही न्हाव्याचं दुकान, पंक्चरचं दुकान, दवाखाना आणि "कुत्र्यापासून सावध रहा" इथपर्यंत पोहोचलोय. त्या शेवटच्या घराची घंटा वाजवून पाहुण्याने विचारलं, "कुत्रा कुठाय?" आतल्या आजोबांनी सांगितलं, कुत्रा मेला, पाटी ठेवलीय. मग वकीलबाईने विचारलं, "मग आता कशापासून सावध राहायचं?" आजोबा इतके हसले की त्यांना खुर्ची आणून द्यावी लागली.

शाळेत परत येतो तेव्हा बाईंच्या खोलीतून पिवळ्यांचा आवाज येत असतो. आत्याचं मशीन चालतं तसा, एका लयीत, मधे टाका न चुकता. न थांबता, न बघता. मी दारात उभा राहून ऐकलं, पण गोष्ट कशाबद्दल होती ते मला कळलं नाही. मला कौतुक वाटलं. आपल्याला नाही बुवा जमणार.

२ डिसेंबर

आज मामांनी नळाजवळ मला एक गोष्ट सांगितली. सरकार जानेवारीत सगळ्या शाळा तपासणार. मुलांना फोनसमोर वाचायला लावायचं, फोनच ऐकणार आणि फोनच रंग देणार. ज्या शाळेत हिरवे टक्के कमी भरतील ती बंद करून मुलांना महामार्गापलीकडच्या आदर्श शाळेत घालणार.

"ती शाळा चांगली आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे ना. दोन मजली. पण मधे महामार्ग आहे."

"मग पूल?"

"पूल मंजूर आहे," मामा म्हणाले आणि खुंटीवर दगड मारला.

१० डिसेंबर

वकीलबाईच्या आईला भेटलो. ती हॉस्टेलच्या खानावळीत भांडी घासते, तिथली पाटी वाचायला गेलो होतो. कोपरापर्यंत फेस. माझ्याकडे बघून म्हणाली, "ते फिरते सर तुम्हीच का? घरी आली की डोकं खाते. रिकाम्या डब्यावरचंसुद्धा वाचून विचारते, हे कुठे बनवतात."

मी म्हटलं, हुशार आहे तुमची मुलगी.

तिला ते ऐकायची सवय नसावी. तिने पुढची परात ओढली. "इथे शाळा आहे तोवर शिकू दे. मी कामावर येताना सोडते, जाताना घेते. महामार्गापलीकडे मी नाही पाठवणार. मागच्या वर्षी तो ओलांडणाऱ्या पोराचं काय झालं ते मी बघितलंय. तसंही धाकटा रांगायला लागलाय, त्याच्याकडे कुणीतरी बघायला हवंच."

वकीलबाई शेजारीच उभी होती. रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "शाळा बंद होणार का?"

मी म्हटलं, नाही.

ती थांबली. तिला उत्तर मिळालं होतं तरी ती पुढे येईना. मग मी म्हटलं, "बाई आहेत ना." तेव्हा चालायला लागली.

१९ डिसेंबर

आज वकीलबाईने आत्याच्या दुकानात अख्खी जाहिरात वाचली, सुईच्या पाकिटावरची. हळू, बोट ठेवून, मधे थांबून. "गंजत नाही. म्हणजे कधीच? पावसात ठेवली तर?" आत्याने शपथेवर सांगितलं की गंजते. मग वकीलबाई म्हणाली, "म्हणजे हे खोटं लिहिलंय." आणि पुढचं वाचलं.

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "तू शिकवलंस?"

"मी फक्त फिरवलं."

"बापरे," आत्या म्हणाली आणि मला दुसऱ्यांदा चहा दिला, न मागता. जोडीसुद्धा आता दोघं मिळून वाचतात, एक पहिलं अक्षर म्हणतो, दुसरा पुढचं.

बाईंना सांगायला गेलो. त्या पिवळ्यांच्या वह्या घेऊन बसल्या होत्या, समोर गरम पाण्याचा पेला. आवाज पूर्ण गेलाय. मी म्हटलं, लाल मुलं वाचायला लागलीत. त्यांनी पाटीवर खडूने लिहून विचारलं, "किती वेळात?"

मी म्हटलं, वेळ लागतो, पण समजून वाचतात.

त्यांनी पाटी पुसली. काहीतरी लिहायला घेतलं आणि परत पुसलं. मग हाताने खूण केली, जा, खेळा.

८ जानेवारी

परवा तपासणी. बाईंचा आवाज थोडा आलाय. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "परवा तुम्ही लांब जा. टेकडीवर. डबे घेऊन. शेवटची घंटा झाल्याशिवाय यायचं नाही."

"सहल?"

"हो. सहल."

मुलं ओरडलीच. फक्त वकीलबाई म्हणाली, "परवा तर परीक्षा आहे. सगळ्यांना फोन विचारणार. मग आम्हाला का नाही विचारणार?"

मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "गैरहजर मूल टक्क्यात धरत नाहीत." मी नववीत टक्क्यांपाशीच अडकलो होतो, तेव्हापासून टक्के म्हटलं की माझं लक्ष दुसरीकडे जातं. मला वाटलं, बाईंना या मुलांना भीती वाटू द्यायची नाहीये. चांगल्या बाई आहेत. पण मुलांना भीती वाटतच नाहीये, हे त्यांना माहीत नाही, कारण त्या कधी आमच्याबरोबर आल्याच नाहीत.

१० जानेवारी

सगळं नीट लिहितो, जसं झालं तसं.

सकाळी टेकडीवर गेलो. वर पाण्याची टाकी आहे, तिच्यावर लिहिलंय "वर चढू नये". वाचलं, प्रश्न विचारले, उत्तर द्यायला कुणी नव्हतं म्हणून आम्ही आपापसात दिली. डबे दहा वाजताच संपले. वरून शाळेचा पत्रा दिसत होता आणि फाटकाशी पांढरी गाडी.

वकीलबाई गाडीकडे बघत बसली. म्हणाली, "दादा, आम्ही वाईट वाचतो का?"

"कोण म्हणालं?"

"मग आम्हाला इथे का आणलं?"

मला उत्तर आलं नाही. आणि नियम माझाच. ती उठेना, जोडी उठेना, पाहुणासुद्धा बसून राहिला. मग मला वाटलं, आपण उगाच का घाबरायचं? यांना येतंय. बाईंना आनंदाचा धक्का बसेल. शाळेच्या हिरव्यात भरच पडेल. मी म्हटलं, "चला."

आम्ही पळतच खाली आलो. फाटकातून आत शिरलो तर व्हरांड्यात तपासणीच्या मॅडम पिवळ्यांतला शेवटचा मुलगा उरकत होत्या. तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. त्यांनी वर बघितलं. "ही मुलं कुठली?"

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता असा झाला, आणि मला वाटलं की आनंदाने झाला.

"आमचीच," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"मग गैरहजर कशी लावलीत? आलीत तर घ्यावी लागतील, बाई. माझ्यावर येईल ते."

बाईंनी हजेरीपट उघडला.

वकीलबाई पहिली गेली. तिनेच हात वर केला होता. मी खिडकीबाहेर उभा राहिलो, छाती फुगवून. फोनवर उतारा आला आणि ती बोट ठेवून वाचायला लागली. "एका माणसाकडे एक बकरी होती. तो तिला घेऊन बाजाराला निघाला. वाटेत ओढा लागला. बकरी पाण्यात उतरेना." सगळं बरोबर! एक अक्षर चुकलं नाही.

मग ती थांबली. फोनकडे बघून तिने विचारलं, "तो तिला विकायला नेत होता का?"

आणि गप्प राहिली. हात मांडीवर ठेवून, फोनकडे बघत. मी शिकवलं होतं तशी.

मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांना बोलायला मनाई आहे. वकीलबाई वाट बघत होती. कुलूपवाल्यासमोर थांबली होती तशीच, घाई न करता. बाई दारात होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग फोनमधून टिंग असा आवाज आला.

"झालं," मॅडम म्हणाल्या.

"पण अजून खाली आहे ना गोष्ट," वकीलबाई म्हणाली. "आणि त्याने सांगितलं नाही."

"पाच सेकंद आवाज आला नाही की ते बंद होतं, बाळ. परत उघडत नाही. माझ्या हातात नाहीये ते." मॅडमना वाईट वाटलं असावं, त्या फोन उगाच पुसत होत्या.

त्यानंतर जोडी गेली. वेगवेगळं बसवलं त्यांना, तरी वाचलं. पहिल्याने बकरीच्या रंगाबद्दल विचारलं आणि थांबला. टिंग. दुसऱ्याने विचारलं, ओढा खोल होता का. टिंग. पाहुण्याने तर पहिल्याच वाक्याला विचारलं, माणसाचं नाव काय. मी खिडकीच्या गजांतून हात हलवत होतो, पुढे जा, पुढे जा. पण ती माझी मुलं आहेत, ती उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाहीत. सगळी नियमाने वागली. एकसुद्धा चुकली नाही.

सगळी लाल.

मी बाईंकडे गेलो. म्हटलं, मला फोनचा नियम माहीत नव्हता, आम्ही बाहेर होतो. आधी सांगितलं असतं तर न थांबता वाचायला शिकवलं असतं.

बाई म्हणाल्या, "म्हणूनच नाही सांगितलं."

हे मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. मला याचा अर्थ लागलेला नाही.

१५ जानेवारी

बाई मला रागावतील म्हणून रोज तयारीने जातो. त्या रागावत नाहीत. आज मी स्वतःच विषय काढला तर म्हणाल्या, "तू त्यांना नीट शिकवलंस." बाई टोमणा मारणाऱ्यातल्या नाहीत.

मामा बोलत नाहीत माझ्याशी. नळाजवळ गेलो तर खुंटी ठोकत राहिले. शेवटी एकदाच म्हणाले, "दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई लाल पोरांना घरी बोलवायच्या. जेवायला घालून शिकवायच्या. एवढी तपासणी निघून जायला हवी होती, बस्स."

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही.

"सांगायला तू इथे कधी असतोस?"

३० जानेवारी

कागद आला. बाईंनी सगळ्यांसमोर वाचला. हळू वाचला, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. मार्चअखेर शाळा समाविष्ट करण्यात येत आहे. बंद हा शब्द त्यात कुठेच नाही. पिवळ्यांतली बहुतेक सगळी मुलं हिरवी झाली, हेही त्यात आहे, अभिनंदन केलंय. पण एकूण टक्के रेषेच्या जरासे खाली राहिले. जरासेच.

वकीलबाईने हात वर केला. "समाविष्ट म्हणजे काय?"

बाईंनी तिला उत्तर दिलं. खरं उत्तर. म्हणाल्या, "म्हणजे ही शाळा राहणार नाही."

वकीलबाईने हात खाली घेतला.

२१ फेब्रुवारी

पाहुणा यायचा बंद झाला. त्याला परत कोण आणणार, तो पाहुणाच. जोडीतल्या एकाच्या वडिलांनी बिऱ्हाड हलवलं, उरलेला आता स्वतःचीच बाही धरून बसतो. सर प्रशिक्षणाहून परत आले. खरंच ओळखू आले नाहीत, मिशी काढलीय. त्यांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "हे जुनं झालं, आता नवीन शिडी आलीय."

मी लाल मुलांना घेऊन बाजाररस्त्याला गेलो. कुलूपवाल्याने हाक मारली, "अरे, आज काही विचारणार नाही का?" कुणी विचारलं नाही. थंडी होती, म्हणूनही असेल.

मला जावंसं वाटतंय. ट्रकवाला ओळखीचा आहे. पण मार्चपर्यंत म्हटलं होतं.

२८ मार्च

आत्या दुकानात बसून बिल्ले उसवतेय. पुढच्या वर्षाचे गणवेश तिने आधीच शिवून ठेवले होते, दरवर्षीसारखे. आदर्श शाळेचं काम त्यांच्या ठरलेल्या शिंप्याकडे आहे, तर निदान साधे सदरे म्हणून जातील. मी म्हटलं, मी उसवतो. ती म्हणाली, "नको, तू फाडशील." मग थोड्या वेळाने म्हणाली, "जा म्हणून मी सांगत नाही. पण राहा म्हणूनही सांगत नाही, बाबा. तुझं तू बघ." हे तिने माझ्याकडे न बघता सांगितलं.

बिल्ला निघाला की सुईची भोकं राहतात, चौकोनी. आत्या म्हणते, एक धुणं झालं की बुजतात.

१ एप्रिल

उद्या ट्रक निघतो. आज बाईंचा निरोप घ्यायला शाळेत गेलो तर कुलूप होतं. मामा फळ्याच्या चौकटी व्हरांड्यातून टेम्पोत चढवत होते, बाई आदर्श शाळेत रुजू झाल्यात, म्हणाले, सकाळीच. मी हात लावला. त्यांनी लावू दिला.

परत येताना वकीलबाई भेटली. कमरेवर धाकटा, हातात पिशवी. वाण्याकडे निघाली होती. मी तिच्याबरोबर चालायला लागलो.

"दादा, मी घरी सराव केला," ती म्हणाली. "बघा."

आणि ती चालता चालता वाचायला लागली. दोन्ही बाजूंच्या पाट्या, एकामागून एक, मान न वळवता, एका दमात. हरवलेल्याकिल्ल्याबनवूनमिळतील केसकापूनमिळतील येथेवाहनेउभीकरूनयेत कुत्र्यापासूनसावधरहा. पोरगा कमरेवर उसळत होता. ती कुठेच अडली नाही. मी मागे पडलो, धावून तिला गाठावं लागलं. आत्याच्या मशीनसारखा आवाज, एक टाका चुकला नाही.

रस्ता संपला तिथे ती थांबली. धापा टाकत होती.

"आता नाही ना मी थांबत मधे?"

"नाही," मी म्हटलं.

तिने धाकट्याला दुसऱ्या कमरेवर घेतलं. "मग आता घेतील का मला?"

तिला अजून वाटतंय की फोन परत येणार आहे.

ती तिथेच उभी राहिली, माझ्याकडे बघत, घाई न करता. समोर वाण्याचं दुकान होतं, त्याच्या दारावर काहीतरी नवीन लिहिलं होतं. मी ते वाचायला लागलो.